विज्ञानाची मूक उपासिका : आग्नेस पॉकेल्स

प्रयोगशाळा म्हटली की नानाविध उपकरणांनी भरलेली प्रशस्त दालने, काचेच्या नळ्या, सूक्ष्म तराजू, हाताशी तत्पर असलेले साहाय्यक आणि भिंतीलगत ग्रंथांची कपाटे असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु पदार्थाच्या अवघ्या एका रेणूएवढ्या जाडीच्या थराचे ज्ञान ज्या प्रयोगांतून मानवाला झाले, त्यांतील काही अत्यंत महत्त्वाचे प्रयोग एका सामान्य घराच्या स्वयंपाकघरात पार पडले. पत्र्याची पन्हळ, लहानसा तराजू आणि एक बटण एवढीच त्यांची सामग्री होती. ते प्रयोग करणाऱ्या स्त्रीने महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती. घरकाम आणि आजारी मातापित्यांची शुश्रूषा ह्यांतून उरलेल्या वेळात तिने हे कार्य केले. तिचे नाव आग्नेस पॉकेल्स.

आग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस नगरीत झाला. हे नगर आज इटलीत असले तरी त्या काळी तेथे ऑस्ट्रियाचा अंमल होता आणि आग्नेसचे वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. त्या पाणथळ प्रदेशात हिवतापाचा उपद्रव फार. पॉकेल्स कुटुंबालाही त्या दुखण्याने ग्रासले आणि त्याचे परिणाम पुढे अनेक वर्षे त्यांच्या घरात जाणवत राहिले. १८७१ साली हे कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग ह्या गावी येऊन स्थायिक झाले. आग्नेसचे पुढील सारे आयुष्य ह्याच गावात गेले.

गावातील मुलींच्या शाळेत आग्नेसचे शिक्षण झाले. तिला सृष्टिविज्ञानाची, त्यातही पदार्थविज्ञानाची विलक्षण ओढ होती. परंतु मुलींच्या शाळेत ह्या विषयांचे शिक्षण अगदी जुजबी मिळत असे. शाळा संपल्यावर पुढे शिकावे अशी तिची तीव्र इच्छा होती. पण त्या काळी जर्मनीतील विद्यापीठांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. पुढे ती दारे हळूहळू किलकिली झाली, तेव्हा तिने शिकावयास जाऊ नये असे आईवडिलांनीच तिला सांगितले. घरात दुखणी होती आणि त्यांची उस्तवार करणारी मुलगी ती एकटीच. तिने आईवडिलांचा शब्द मोडला नाही. मात्र ज्ञानाची आस काही तिला सोडता आली नाही.

तिचा धाकटा भाऊ फ्रीड्रिख तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता. त्याला विद्यापीठाचा मार्ग मोकळा होता. तो गटिंगेन येथे पदार्थविज्ञान शिकावयास गेला व पुढे स्वतः नामांकित शास्त्रज्ञ झाला. विद्युत्क्षेत्रात ठेवलेल्या स्फटिकातून जाणाऱ्या प्रकाशावर जो परिणाम होतो, त्यास आजही पॉकेल्स परिणाम असे त्याचेच नाव आहे. ह्या भावाने बहिणीला पाठ्यपुस्तके पुरविली आणि ती तिने घरच्या घरी अभ्यासिली. एकाच घरातील दोन बुद्धिमान मुलांपैकी एकाला विद्यापीठ लाभले आणि दुसरीला मोरी.

त्या मोरीपाशीच तिच्या संशोधनाचा उगम झाला असे सांगितले जाते. तेलकट भांडी पाण्यात बुडविली की पाण्यावर तवंग पसरतो, हे प्रत्येक घरातील स्त्रीने पाहिलेले असते. आग्नेसने ते केवळ पाहिले नाही. ती त्याचा विचार करू लागली. पाण्याचा पृष्ठभाग एखाद्या ताणलेल्या पडद्याप्रमाणे वागतो. म्हणूनच अलगद ठेवलेली सुई पाण्यावर तरंगू शकते. ह्या गुणधर्मास पृष्ठताण असे म्हणतात. स्वच्छ पाण्यावर तेलाचा किंचित अंश पडला की हा ताण कमी होतो. किती तेल पडले म्हणजे ताण किती कमी होतो? तवंग पसरून विरळ झाला, किंवा दाटीने एकत्र आला, तर काय घडते? वयाच्या विशीच्या आसपास हे प्रश्न तिच्या मनात घर करून बसले.

प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी मोजमाप हवे आणि मोजमापासाठी उपकरण हवे. ते विकत घेण्याची सोय नव्हती. तेव्हा आग्नेसने ते स्वतःच तयार केले. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल अशी पत्र्याची एक पन्हळ तिने घेतली व ती काठोकाठ पाण्याने भरली. पन्हळीवर आडवी अशी पत्र्याची एक अरुंद पट्टी ठेवली. पट्टीची खालची बाजू पाण्याला टेकलेली असे. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागाचे दोन भाग पडत. पट्टी पुढे सरकविली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसे आणि दुसऱ्या बाजूचा विस्तारे. ताण मोजण्यासाठी तिने तराजूच्या एका भुजेला ६ मिलिमीटर व्यासाची, बटणासारखी चकती टांगली आणि ती पाण्यावर टेकविली. चकती पाण्यापासून सुटण्यासाठी दुसऱ्या पारड्यात किती वजन टाकावे लागते, ह्यावरून ताण किती हे कळे. इतके साधे, पण इतके नेमके साधन त्या काळी मोठमोठ्या प्रयोगशाळांतही नव्हते.

ह्या पन्हळीने आग्नेसला एक आश्चर्यकारक गोष्ट दाखविली. पाण्यावर तेलाचा अत्यल्प अंश असला आणि त्याला पसरावयास भरपूर जागा असली, तर पाण्याचा ताण जवळजवळ स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पट्टी सरकवून जागा कमी केली तरी बराच वेळ काहीच फरक पडत नाही. मग एकाएकी एक मर्यादा येते. तेथून पुढे पट्टी थोडीशी सरकविताच ताण झपाट्याने उतरू लागतो. एखाद्या अंगणात मोजकी मुले खेळत असावीत आणि अंगणाची भिंत हळूहळू आत सरकत यावी, तसाच हा प्रकार आहे. मुले एकमेकांना खेटून उभी राहीपर्यंत भिंतीला विरोध होत नाही. ती खेटताच मात्र पुढचे प्रत्येक पाऊल जड जाते. तवंगातील रेणू एकमेकांना खेटून उभे राहतात तीच ही मर्यादा होय. त्या क्षणी पाण्यावर रेणूंचा एकच थर असतो, ही गोष्ट आग्नेसच्या प्रयोगांनंतर काही वर्षांनी स्पष्ट झाली.

ह्या प्रयोगांत आग्नेसला सर्वांत अधिक झगडावे लागले ते अस्वच्छतेशी. बोटाचा स्पर्श, हवेतील धूळ, पाण्यात बुडविलेली एखादी वस्तू, इतकेच काय पण वरवर अगदी निर्मळ दिसणारा धातूचा तुकडा, ह्यांपैकी काहीही पाण्याला टेकले की त्यावर कसला ना कसला अदृश्य थर पसरे आणि मोजमाप बिघडे. तेव्हा तिने पट्टीचाच उपयोग झाडणीसारखा केला. पट्टी पृष्ठभागावरून सरकवीत नेऊन ती सारा मळ एका बाजूस लोटी व मागे राहिलेल्या निर्मळ पृष्ठभागावर प्रयोग करी. पाण्याला कशाचा स्पर्श झाला आहे हे जाणल्यावाचून त्याच्या पृष्ठभागाविषयी काहीही सांगता येत नाही, ही गोष्ट तिने पक्की ओळखली होती.

अशी सुमारे दहा वर्षे गेली. आग्नेसजवळ निष्कर्ष होते. परंतु ते कोणास सांगावेत? ती कोणत्याही विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हती, कोणत्याही विद्वत्सभेची सभासद नव्हती. इतक्यात, इंग्लंडमधील विख्यात शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली हे पाण्यावरील तेलाच्या थराविषयी संशोधन करीत आहेत असे तिच्या वाचनात आले. १८९० साली रॅली ह्यांनी ऑलिव्हचे तेल पाण्यावर पसरवून त्या थराची जाडी काढली होती. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील दीड भागाहून किंचित अधिक इतकी ती भरली होती. आपण ज्या वाटेने एकट्याच चाललो आहोत त्याच वाटेवर एक थोर पुरुषही चालत आहे हे पाहून तिला धीर आला. १० जानेवारी १८९१ रोजी तिने त्यांना जर्मन भाषेत एक सविस्तर पत्र लिहिले. त्यात आपली पन्हळ, आपले तराजूचे प्रयोग आणि आपले निष्कर्ष तिने नम्रपणे, पण स्पष्टपणे मांडले.

ह्या पत्राचे पुढे काय होणार, हे सर्वस्वी रॅली ह्यांच्या मनावर अवलंबून होते. अनोळखी परदेशी स्त्रीचे पत्र म्हणून ते बाजूस टाकणे सोपे होते. त्यातील कल्पना उचलून आपल्या नावावर खपविणेही एखाद्या हलक्या मनाच्या माणसाला अशक्य नव्हते. रॅली ह्यांनी दोन्ही केले नाही. त्यांच्या पत्नीने पत्राचे इंग्रजीत भाषांतर केले आणि रॅली ह्यांनी ते ‘नेचर’ ह्या विख्यात विज्ञाननियतकालिकाकडे धाडून, घरगुती साधनांनी मोलाचे निष्कर्ष काढणाऱ्या ह्या जर्मन स्त्रीचे पत्र प्रसिद्ध करावे अशी शिफारस केली. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते आग्नेसच्याच नावाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी तिचे वय एकोणतीस वर्षांचे होते. ज्याच्या हाती दार उघडण्याचे सामर्थ्य असते, त्याने ते उघडले तर किती मोठे कार्य होते, ह्याचा हा उत्तम दाखला आहे.

ह्यानंतर आग्नेसबाईंचे आणखी लेख प्रसिद्ध होऊ लागले. रॅली ह्यांनीही आपले संशोधन पुढे चालविले आणि १८९९ साली असा निष्कर्ष मांडला की, ज्या मर्यादेपाशी ताण उतरू लागतो त्या मर्यादेपाशी तेलाचा थर केवळ एका रेणूच्या जाडीचा असतो. रेणूचे आकारमान अशा रीतीने साध्या पाण्याच्या पन्हळीत मोजता येऊ लागले. त्या काळी अणुरेणूंच्या अस्तित्वाविषयीच काही मोठे पंडित साशंक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या कार्याचे महत्त्व कळून येते.

परंतु आग्नेसबाईंच्या घरातील परिस्थिती पालटली नाही. आईवडिलांच्या सेवेचा भार वर्षानुवर्षे वाढतच गेला. स्वतःची प्रकृतीही त्यांना साथ देईनाशी झाली. विसाव्या शतकातील नवे संशोधन वाचावयास मिळणे कठीण झाले आणि प्रयोगांसाठी वेळ तर त्याहून दुर्मीळ झाला. तशातही त्यांनी जॉर्ज डार्विन ह्यांच्या भरती-ओहोटीवरील ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. ते १९०२ साली प्रसिद्ध झाले. १९१३ साली भाऊ फ्रीड्रिख ह्यांचे निधन झाले आणि ज्ञानाच्या जगाशी त्यांना जोडणारा सर्वांत जवळचा दुवा तुटला. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले व परदेशी विद्वानांशी येणारा संबंधही खंडित झाला.

इकडे त्यांनी लावलेले रोपटे मात्र दूरदेशी वाढत होते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक ह्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारे अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी तशाच प्रकारच्या पन्हळीत सुधारणा करून तवंगाचा दाब प्रत्यक्ष मोजला. मेदाम्लांचे रेणू पाण्यावर ओळीने उभे राहतात, त्यांचे एक टोक पाण्यास धरून असते व लांब शेपूट हवेत वर असते, हे त्यांनी १९१७ साली दाखविले. त्यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट ह्यांनी पुढे १९३५ च्या सुमारास, काचेची पट्टी पाण्यात बुडवून वर काढीत एकेका रेणूचे थर एकावर एक चढविण्याची रीत सिद्ध केली. लँगम्यूर ह्यांना १९३२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

योगायोग असा की त्याच १९३२ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइग येथील तंत्रविद्यापीठाने आग्नेसबाईंना सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. ज्या गावात त्यांनी विद्यार्थिनी होण्याची इच्छा मनातच ठेवली होती, त्याच गावाने त्यांचा हा गौरव केला. त्याआधीच्या वर्षी त्यांना एक वैज्ञानिक पारितोषिकही मिळाले होते. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्राउनश्वाइग येथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचे एक मोठे फळ मात्र त्यांच्या निधनानंतर हाती आले. ते विजेच्या क्षेत्रातील आहे. एका रेणूच्या जाडीचा थर हुकमी तयार करता येऊ लागल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात साहजिकच प्रश्न आला की, अशा थरातून वीज वाहते काय? मेदाम्लांचा थर मेणासारखा असतो आणि मेण हे विजेचे दुर्वाहक आहे. तथापि थर इतका पातळ असला की इलेक्ट्रॉन हे विजेचे कण त्यातून आरपार निसटू शकतात. जर्मनीतील हान्स कून व बर्नहार्ट मान ह्या शास्त्रज्ञांनी १९७१ साली अशा थराच्या दोन्ही अंगांस धातू लावून त्यातून जाणारा प्रवाह मोजला. रेणूची लांबी वाढत जाईल तसतसा प्रवाह भराभर घटत जातो असे त्यांना आढळले. अशा रेणूंच्या साखळीत एका कार्बन अणूची भर पडली की प्रवाह सुमारे एक तृतीयांशावर येतो.

परंतु हे प्रयोग जगात जसजसे अधिक होऊ लागले, तसतशी एक अडचण पुढे आली. एकाच प्रकारच्या थरातून निरनिराळ्या प्रयोगशाळांत मोजलेला प्रवाह सारखा येईना. कधी कधी तर त्यांत हजारो पटींचे अंतर पडू लागले. कारण शोधता असे दिसून आले की दोष थराचा नसून, थराला जोडलेल्या धातूच्या स्पर्शाचा आहे. ॲल्युमिनियम लावले तर हवेतील प्राणवायूमुळे त्यावर स्वतःचीच एक पातळ साय धरते आणि विजेला तीही ओलांडावी लागते. तापविलेल्या धातूची वाफ थरावर बसविली तर तिचे कण सूक्ष्म छिद्रांतून खाली झिरपून दुसऱ्या धातूला भिडतात. मग वीज थरातून न जाता त्या छिद्रांतूनच जाते. घन धातूचा पृष्ठभाग कितीही घोटला तरी खडबडीतच असतो आणि थराला तो सर्वत्र न टेकता मोजक्याच ठिकाणी टेकतो. म्हणून कित्येकांनी पाऱ्याच्या थेंबासारखा द्रव धातू हलकेच टेकविण्याची युक्ती योजिली.

स्पर्शाचा प्रकार किती महत्त्वाचा असतो हे २००१ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे झालेल्या एका प्रयोगातून ठळकपणे दिसून आले. गंधकाचा अणू सोन्याशी रासायनिक बंधाने घट्ट जोडला जातो. संशोधकांनी काही रेणू असे घेतले की त्यांच्या दोन्ही टोकांस गंधक होते. ते दोन्ही बाजूंच्या सोन्याशी बांधले गेले. दुसऱ्या रेणूंच्या एकाच टोकास गंधक होते. त्यांचे दुसरे टोक सोन्याला नुसते टेकले होते. रेणूंच्या साखळ्या सारख्याच लांबीच्या. परंतु नुसत्या टेकलेल्या रेणूंचा विजेला होणारा अडथळा बांधलेल्या रेणूंपेक्षा किमान दहा हजार पटींनी अधिक भरला. जाड तारेला आपण दुसरी तार जोडतो तेव्हा तो सांधा तारेच्या मानाने नगण्य असतो. परंतु ज्या वस्तूची जाडीच एका रेणूएवढी आहे, तिच्या बाबतीत सांधा हा बाहेरचा राहत नाही. तो त्या वस्तूचाच एक भाग होऊन बसतो. म्हणूनच आज ह्या क्षेत्रात काम करणारे शास्त्रज्ञ रेणूंइतकीच काळजी त्यांना टेकणाऱ्या धातूंची घेतात. संगणकासारख्या यंत्रांचे भाग उत्तरोत्तर लहान होत चालले असताना ह्या ज्ञानाचे मोल वाढतच आहे.

स्वयंपाकघरातील पन्हळीत पट्टीने पाणी पुन्हा पुन्हा झाडून घेणाऱ्या त्या तरुणीने हेच तत्त्व आपल्या परीने ओळखले होते. तिच्या काळी तेथे वीज नव्हती, सोने नव्हते. केवळ पाणी आणि तवंग होता. पण अत्यंत पातळ थरावर त्याला टेकणाऱ्या प्रत्येक वस्तूची सत्ता चालते, हे तिने अनुभवाने जाणले आणि आपली साधने त्या जाणिवेने घडविली. त्या पन्हळीच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. त्यांस बहुधा लँगम्यूर ह्यांचे नाव दिले जाते. परंतु त्यांचे मूळ ब्राउनश्वाइगच्या त्या घरात आहे, हे विज्ञानाच्या इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.

आग्नेसबाईंना विद्यापीठाचे शिक्षण मिळाले असते तर त्यांनी आणखी किती कार्य केले असते, ह्याचा हिशेब आता कोणास मांडता येणार नाही. ती हानी जितकी त्यांची, तितकीच जगाचीही होती. म्हणूनच त्यांच्या चरित्राकडे केवळ चिकाटीचा आदर्श म्हणून पाहणे पुरेसे नाही. बुद्धी असूनही ज्यांना दार बंद आहे अशी मुले-मुली आपल्या आसपास आहेत काय, हेही त्यावरून पाहावयास शिकले पाहिजे. ब्राउनश्वाइगच्या ज्या विद्यापीठाने त्यांना उतारवयात पदवी दिली, त्याने पुढे शाळेतील मुलामुलींसाठी एक प्रयोगशाळा उघडली आणि तिला आग्नेस पॉकेल्स ह्यांचे नाव दिले. तेथे लहान मुले आपल्या हातांनी प्रयोग करू लागली. आग्नेसबाईंचे ह्याहून उचित स्मारक दुसरे कोणते असणार!